पुण्यात बदली झाल्यावर जागती वस्ती कशी निवडावी

नोकरीच्या निमित्ताने नागपूर, लातूर, जळगाव किंवा सांगली सोडून पुण्यास येणाऱ्या मनुष्याला बदलीचा हुकूम हाती पडल्यापासून रुजू होण्याच्या तारखेपर्यंत फार थोडी मुदत मिळते, आणि त्या मुदतीत तो जागेचा शोध कसा करतो हे पाहिले तर असे आढळते की, भाडे किती, खोल्या किती, वाहन उभे करण्याची सोय आहे किंवा नाही, आणि कचेरी किती अंतरावर, या चार प्रश्नांच्या पलीकडे त्याची चौकशी सहसा जात नाही. हे चारही प्रश्न रास्त आहेत, आणि त्यांची उत्तरे मिळाल्यावाचून कोणीही बिऱ्हाड मांडू नये. परंतु ज्या रस्त्यावर आपण राहणार त्या रस्त्यावर माणसे कोणत्या वेळी असतात, ती तेथे कशासाठी येतात, आणि आपण पायी घराबाहेर पडलो तर दहा मिनिटांच्या आत कोणकोणती कामे उरकू शकतो, हा पाचवा प्रश्न विचारला न गेल्यामुळे कित्येक होतकरू तरुण-तरुणी उत्तम सदनिकेत राहूनही वर्षभरात उदास होतात. कारण कचेरी आणि खोली यांखेरीज या एवढ्या मोठ्या शहरात त्यांना तिसरे ठिकाणच लाभत नाही. माझे म्हणणे असे आहे की, हा पाचवा प्रश्न पहिला मानावा, आणि सदनिका पाहण्यापूर्वी रस्ता पाहावा.

स्वतःच्या गावी मनुष्य एखाद्या निर्जन आडरस्त्यावर राहिला तरी त्याचे फारसे बिघडत नाही. कारण त्याचा आप्तवर्ग, शाळेतले सोबती, वहीत मांडून जिन्नस देणारा दुकानदार आणि अपरात्री दार उघडणारा डॉक्टर हे सारे त्याच्या पाठीशी पूर्वीपासून उभे असतात, आणि वस्तीने त्याला नव्याने काही द्यावे अशी गरज उरत नाही. बदलीच्या गावी आलेल्या मनुष्याची स्थिती याच्या नेमकी उलट असते. त्याची ओळख करून देणारा कोणी नसतो. ओळख व्हायची ती एकाच टपरीवर रोज चहा घेण्याने, एकाच गिरणीत दळण टाकण्याने, एकाच भाजीवालीकडून मेथीची जुडी घेण्याने, अशा क्षुल्लक वाटणाऱ्या परंतु पुनःपुन्हा घडणाऱ्या भेटींतूनच व्हायची असते. अशा भेटी ज्या वस्तीत विनासायास, पायी चालता चालता घडतात, तिला मी जागती वस्ती म्हणतो. केवळ गर्दीवरून तिची पारख करू जाणारा फसतो. स्वारगेटच्या एसटी स्थानकाबाहेर अहोरात्र माणसांचा लोंढा वाहत असतो. परंतु तेथे येणारा प्रत्येकजण दुसरीकडे जाण्याच्या घाईत असल्यामुळे कोणाची कोणाशी ओळख होत नाही. उलट डहाणूकर कॉलनीतल्या एखाद्या चौकात त्याच्या दशांशानेही माणसे नसतील, पण सायंकाळी तेथे उभ्या असलेल्यांपैकी निम्म्या जणांना एकमेकांची नावे ठाऊक असतात.

दिवसाचे प्रहर मोजण्याची आपली जुनी रीत वस्तीच्या परीक्षेस फार उपयोगी पडते. सदाशिव पेठ आणि नारायण पेठ यांचेच उदाहरण घेऊ. पहाटे दूधकेंद्राची फळी उघडते आणि पर्वतीकडे किंवा सारसबागेकडे फिरावयास निघालेली वृद्ध मंडळी रस्त्यावर दिसू लागतात. त्यांच्या पाठोपाठ शाळेची मुले येतात. भावे हायस्कूल आणि ज्ञानप्रबोधिनी या दोन्ही शाळा सदाशिव पेठेतच आहेत, हे या गल्ल्यांच्या सकाळच्या चैतन्याचे एक मोठे कारण आहे. त्याच सुमारास, राज्यसेवेच्या व अन्य स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेले विद्यार्थी शास्त्री रस्त्यावरच्या व नवी पेठेतल्या अभ्यासिकांकडे जाऊ लागतात. दहा-अकरानंतर लक्ष्मी रस्त्याची कापडाची व सोन्याचांदीची दुकाने उघडतात आणि बाहेरगावचे गिऱ्हाईक येऊ लागते. दुपारी अनेक जुनी दुकाने आजही काही तास बंद असतात. पण त्याच वेळी खानावळींपुढे विद्यार्थ्यांची रांग लागलेली असल्यामुळे रस्ता ओस पडत नाही. संध्याकाळी तुळशीबाग आणि महात्मा फुले मंडई, त्यानंतर भरत नाट्य मंदिरात किंवा टिळक स्मारक मंदिरात प्रयोग असेल तर नाट्यरसिक, आणि रात्री उशिरा अभ्यासिकांतून बाहेर पडून चहासाठी थांबलेले तेच विद्यार्थी, अशी एकामागून एक निरनिराळ्या वयांची आणि व्यवसायांची माणसे त्याच रस्त्याचा उपयोग करीत राहतात. एका वर्गाचे काम संपून तो घरी जातो तेव्हा दुसऱ्या वर्गाचे काम सुरू होते, आणि म्हणून रस्ता कोणत्याही प्रहरी बेवारस राहत नाही.

या गोष्टीची कारणमीमांसा अमेरिकेत जेन जेकब्ज यांनी १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज’ या ग्रंथात केली आहे. न्यूयॉर्कमधील स्वतःच्या रस्त्याचे निरीक्षण करून त्यांनी असे प्रतिपादन केले की, निवास, दुकाने, कारखाने, करमणूक असे अनेक उपयोग एकाच टापूत असणे, रस्ते आखूड असून वळणे वारंवार येणे, जुन्या व नव्या इमारती शेजारी शेजारी असणे, आणि लोकसंख्या पुरेशी दाट असणे, या चार गोष्टी एकत्र आल्या म्हणजे रस्ता जिवंत राहतो, व जिवंत रस्त्यावर शेकडो डोळ्यांची नजर असल्यामुळे तो सुरक्षितही राहतो. पुण्याच्या पेठांना या चारही गोष्टी पेशवाईपासून लाभलेल्या आहेत. खाली दुकान आणि माडीवर बिऱ्हाड, एका बोळातून दुसऱ्या बोळात निघणारी वाट, पडका वाडा आणि त्याला लागून उभी राहिलेली नवी इमारत, यांत आपल्याकडे कोणी नियोजन केले असे नव्हे. पण परिणाम तोच झाला. जुन्या इमारतीचे महत्त्व सहसा ध्यानात येत नाही. तेथे भाडे कमी असते, म्हणूनच चपला शिवणारा, घड्याळे दुरुस्त करणारा, पुस्तकांची बांधणी करणारा आणि लहानशी खानावळ चालविणारी बाई यांना शहराच्या मध्यभागी टिकून राहता येते. सगळी वस्ती एकदम नवी बांधली तर या साऱ्यांना तेथे परवडत नाही, आणि उरतात ती केवळ मोठ्या कंपन्यांची दुकाने.

त्याच १९६१ साली, १२ जुलै रोजी, पानशेतचे धरण फुटले आणि मुठेच्या काठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. बेघर झालेल्या कुटुंबांसाठी गोखलेनगरसारख्या नव्या वसाहती गावाबाहेर उभारण्यात आल्या, आणि पुढे कोथरूड, सहकारनगर या दिशांनी शहर झपाट्याने पसरले. आज या भागांत जी वर्दळ दिसते ती पहिल्या दिवसापासून नव्हती. आरंभी तेथे घरे होती आणि माळ होता. वाणी, डॉक्टर, शाळा, वाचनालय, गणेश मंडळ हे सारे एकेक करून आले, आणि वस्ती आपल्या पायांवर उभी राहण्यास जवळजवळ एक पिढी खर्ची पडली. हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, आजचे विकासक आपल्या जाहिरातींतून नव्या गृहसंकुलांच्या बाबतीत जे उत्साही चित्र रंगवतात, त्यातील बाग, दुकानांची ओळ आणि क्लबघर ही इमारतीबरोबर बांधता येतात, परंतु शेजार बांधता येत नाही. जो मनुष्य दोन-तीन वर्षांसाठी बदलीवर आला आहे, त्याच्यापाशी एक पिढी थांबण्याइतका अवधी नसतो. त्याने आज जे आहे तेच पाहावे, आणि पुढे होणार असलेल्या गोष्टींचे मोल शून्य धरावे.

काही वस्त्यांना एकाच प्रहरी जाग येते, आणि नवख्या मनुष्याची सर्वांत मोठी फसगत याच वस्त्यांविषयी होते. बालेवाडीचा हाय स्ट्रीट शनिवारी रात्री पाहिला तर पुण्यात याहून उत्साही ठिकाण नाही असे वाटेल. पण तो उपाहारगृहांचा उत्साह आहे, आणि मंगळवारी सकाळी अकरा वाजता तेथे कोथिंबीर किंवा सुईदोरा हवा असल्यास आजूबाजूस किती शोधावे लागते ते पाहिल्यावाचून त्या बाजूस घर घेऊ नये. फर्ग्युसन रस्ता तरुणाईने सदैव फुललेला असतो, तरी त्याच्या दोन्ही बाजूंस मोठाल्या संस्थांची विस्तीर्ण आवारे असल्यामुळे प्रत्यक्ष राहणारांची वस्ती आतल्या गल्ल्यांत आहे, आणि तेथली भाडी सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेर गेली आहेत. हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानालगतच्या उंच इमारतींविषयी मला विशेष चिंता वाटते. कचेरी समोर, म्हणून मुले तेथे राहावयास जातात; पण कामाचा दिवस संपला की त्या रुंद रस्त्यांवर पायी चालणारा मनुष्य दिसत नाही, आणि परगावाहून आलेली, अजून पंचविशीही न गाठलेली मुले मोबाइलवर जेवण मागवून एकेकटी जेवतात. कचेरीचे अंतर वाचवून त्यांनी जे गमावले त्याची किंमत पगारपत्रकात दिसत नाही, परंतु ती असते.

आखून बांधलेली प्रत्येक वसाहत निर्जीवच असते असा मात्र माझा दावा नाही. हडपसरजवळचे मगरपट्टा हे तेथल्या शेतकरी कुटुंबांनी आपल्या जमिनी विकून न टाकता एकत्र करून वसविलेले नगर आहे. त्यात निवास, शाळा, रुग्णालय आणि कचेऱ्या एकाच हद्दीत असल्यामुळे पुष्कळ लोक कामावर चालत जातात, आणि सायंकाळी तेथल्या बागेत तीन पिढ्या एकत्र दिसतात. निगडी-प्राधिकरणातही सरकारी आखणी असूनच बैठ्या घरांमध्ये आणि बाजाराच्या चौकांमध्ये पुष्कळ जिव्हाळा निर्माण झाला आहे. कोणी आखले यापेक्षा, घरे आणि रोजची कामे एकमेकांपासून किती पावलांवर ठेवली, यावर सारे अवलंबून असते.

आता अंतराचा विचार. जागत्या वस्तीत राहावयाचे म्हणून रोज जाता-येता तीन तास प्रवासात घालविणारा मनुष्य घरी येतो तो झोपण्यापुरता, आणि त्याला वस्तीचा काहीच उपयोग होत नाही. एका दिशेचा प्रवास पाऊण तासाच्या आत राहावा, ही मर्यादा मी सुचवीन, आणि तीही सोमवारी सकाळी नऊ वाजता स्वतः प्रवास करून तपासलेली असावी. दलालाने सांगितलेली किंवा नकाशाने रात्री दहा वाजता दाखविलेली नसावी. या बाबतीत मेट्रोने पुण्याचा भूगोल पुष्कळ बदलला आहे. वनाझ ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ते स्वारगेट या दोन मार्गिका जिल्हा न्यायालयाच्या स्थानकावर एकमेकींस मिळतात, आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी स्वारगेटपर्यंतचा भुयारी टप्पा सुरू झाल्यापासून कसबा पेठ व मंडई ही शहराच्या काळजातली ठिकाणे थेट पिंपरीशी जोडली गेली आहेत. म्हणजे पिंपरीच्या कारखान्यात नेमणूक झालेल्याला पूर्वी जी गोष्ट अशक्य होती, ती आता शक्य आहे: त्याने बुधवार किंवा शुक्रवार पेठेत बिऱ्हाड करून रोज बसून कामावर जावे. चिंचवड, आकुर्डी या बाजूंस काम असलेल्याला पुणे-लोणावळा लोकल आहेच. तिच्या फेऱ्यांचे वेळापत्रक मात्र आधी पाठ करावे. येरवडा, कल्याणीनगर किंवा विमाननगर येथे नेमणूक असेल तर कोथरूडचा पौड रस्ता अथवा नळस्टॉपचा परिसर निःशंकपणे घ्यावा, कारण वनाझची गाडी त्याच बाजूने येते आणि रामवाडीहून पुढे थोडाच मार्ग उरतो.

हिंजवडीचे उत्तर इतके सरळ नाही. कोथरूडहून तिकडे जाणारा चांदणी चौकातून महामार्गावर उतरतो आणि वाकडपाशी वाहनांच्या रांगेत अडकतो. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर अशी मेट्रोची तिसरी मार्गिका बालेवाडी, बाणेर आणि विद्यापीठ चौकावरून आखलेली आहे. आपण जागा पाहावयास याल तेव्हा तिची गाडी ज्या स्थानकांवर प्रत्यक्ष थांबत असेल, तेवढीच स्थानके हिशोबात घ्यावी. तूर्त मध्यममार्ग म्हणून औंधची शिफारस मी करीन. तेथे जुने गावठाण आहे, परिहार चौकाच्या आसपास भाजी, औषधे, पुस्तके, बँक आणि दवाखाने पायी पोहोचण्यासारखे आहेत, निवृत्त मंडळी आणि महाविद्यालयीन मुले दोन्ही आहेत, आणि हिंजवडीचा पहिला टप्पा सुमारे १० किलोमीटरवर आहे.

शोधाच्या पहिल्या दिवशी दलालास बरोबर नेऊ नये. वस्तीत एकट्याने जावे, आणि प्रथम तेथल्या इस्त्रीवाल्याशी बोलावे. कारण कोणत्या इमारतीत भाडेकरू टिकतात आणि कोणत्या इमारतीतून ते दर काही महिन्यांनी सामान हलवितात, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक नसते. पिठाची गिरणी, शिंपी, पोळी-भाजी केंद्र, पंक्चर काढणारा आणि रात्री उशिरापर्यंत उघडे असणारे औषधांचे दुकान, ही पाच ठिकाणे दहा मिनिटांच्या चालीत सापडली तर त्या वस्तीविषयी अनुकूल मत करावयास हरकत नाही. नंतर तीच गल्ली निदान चार निरनिराळ्या वेळी पाहावी. सकाळी सहाला, दुपारी तीनला, संध्याकाळी सातला आणि रात्री दहानंतर. रात्रीची फेरी एकट्या राहणाऱ्या स्त्रियांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. मेट्रोच्या स्थानकापासून किंवा बसथांब्यापासून घराच्या दारापर्यंतचा रस्ता त्या वेळी स्वतः चालून जावा, वाटेत किती दुकानांचे दिवे चालू आहेत, किती खिडक्या रस्त्याकडे उघडतात आणि किती लांबीपर्यंत केवळ कुंपणाची भिंत आहे, हे पाहावे. शंभर-दीडशे पावले सलग भिंतीच्या कडेने जावे लागत असेल, तर सोसायटीच्या फाटकावर कितीही रखवालदार असले तरी ती जागा सोडून द्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. एकट्याने राहणाऱ्या स्त्रीला किंवा अविवाहित मंडळींना भाड्याने जागा देण्यास सोसायटीची हरकत आहे काय, हेही फाटकावरच विचारून घ्यावे. पुढचा पुष्कळ मनस्ताप टळतो.

जागेपणाची किंमत मोजावी लागते, आणि ती आधी समजून घेणे बरे. गणेशोत्सवाचे दहा दिवस पेठांत राहणे हे ज्याला भाग्य वाटेल त्यानेच लक्ष्मी रस्ता, केळकर रस्ता, कुमठेकर रस्ता किंवा टिळक रस्ता यांच्या कडेला घर घ्यावे, कारण विसर्जनाच्या मिरवणुका याच मार्गांनी जातात आणि मंडईपासून निघालेली मुख्य मिरवणूक दुसऱ्या दिवशीही चालू असते. त्या काळात वाहन घरापर्यंत येत नाही आणि ढोल-ताशांचा आवाज बंद खिडकीतूनही आत येतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ध्वनिक्षेपकास मनाई आहे. तथापि सणासुदीस वर्षातून १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्य सरकारास आहे, हे लक्षात ठेवावे. घरात तान्हे मूल, रुग्ण किंवा रात्रपाळी करणारा असेल, तर मुख्य रस्ता टाळून त्याच पेठेतली दुसरी किंवा तिसरी गल्ली घ्यावी. दोन इमारती आत गेल्याने आवाज निम्म्याहून कमी होतो, आणि वस्ती तीच राहते. चारचाकी वाहन असणाऱ्याने पेठांचा मोह शक्यतो आवरावा. तेथे अनेक रस्त्यांवर सम तारखेस एका बाजूस आणि विषम तारखेस दुसऱ्या बाजूस वाहन लावावे लागते, व जुन्या वाड्यांत वाहनतळ नसतो. वाड्यात जागा घेणारांनी आणखी एक खातरजमा करावी. पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, आणि आपला वाडा त्यांत आहे काय, याची चौकशी क्षेत्रीय कार्यालयात करता येते.

पाण्याविषयी चौकशी करण्यात कोणीही संकोच करू नये. पुणे महापालिकेच्या हद्दीत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे घेण्यात आली. कागदोपत्री ती शहरात आली तरी नळ आणि सांडपाण्याच्या वाहिन्या त्याच वेगाने पोहोचल्या नाहीत, आणि २०२५ च्या आरंभी सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड, किरकटवाडी या भागांत गिलेन-बॅरे सिंड्रोमचे अनेक रुग्ण आढळले तेव्हा पाण्याच्या शुद्धतेचा प्रश्न ऐरणीवर आला. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ साली दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. म्हणून सोसायटीच्या चिटणीसाकडे उन्हाळ्यातील टँकरचा खर्च कोणावर पडतो, हे स्पष्ट विचारावे. पुराचीही तीच गोष्ट. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या लोंढ्याने टांगेवाला कॉलनी, अरण्येश्वर आणि सहकारनगर या भागांत मोठी प्राणहानी केली, आणि २५ जुलै २०२४ रोजी मुठेचे पाणी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत शिरले. हे भाग एरवी पुष्कळ जागते आणि मनमिळाऊ आहेत. तेथे राहूच नये असे नाही, परंतु तळमजला घेऊ नये, आणि निळी व लाल पूररेषा आपल्या इमारतीच्या कोणत्या बाजूने जाते ते नकाशावर पाहावे.

जागा पसंत पडली तरी पहिल्या वर्षी विकत घेण्याचा विचार मनात आणू नये. एक पावसाळा, एक गणेशोत्सव आणि एक उन्हाळा त्या वस्तीत काढल्यावर तिच्याविषयीचे मत बहुधा बदलते. क्वचित अधिक चांगले होते. तोवर भाड्याने राहावे, आणि त्या वर्षात वस्तीत पाय रोवण्याचे दोन सोपे मार्ग सांगतो. १८४८ साली स्थापन झालेले पुणे नगर वाचन मंदिर किंवा १९११ सालचे पुणे मराठी ग्रंथालय, अथवा आपल्या भागातले कोणतेही लहान वाचनालय, याची वर्गणी पहिल्या महिन्यातच भरावी. आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला उन्हाळ्यात भरते, तिला जावे. नवख्याला तेथे कोणी ‘तुम्ही कोण’ म्हणून विचारीत नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या व्याख्यानाला शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ आपणहून बोलू लागतात.

भाड्याच्या कराराबाबत हयगय करू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे हा करारनामा लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, व नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदविलेला नसेल आणि वाद उपस्थित झाला, तर विरुद्ध पुरावा येईपर्यंत अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. लीव्ह अँड लायसन्सचा करार सामान्यतः ११ महिन्यांचा करतात, महापालिका हद्दीत त्याची नोंदणी फी १,००० रुपये आहे, आणि सारे काम आता घरबसल्या ऑनलाइन होते. अनामत रकमेचा आकडा, ती परत करण्याची मुदत, मुदतपूर्व घर सोडल्यास द्यावयाची पूर्वसूचना आणि सोसायटीचा देखभाल खर्च कोणी द्यावयाचा, या चार बाबी करारात शब्दशः लिहून घ्याव्यात. पोलिस ठाण्यात भाडेकरूची नोंद घरमालकाने केली की नाही, तेही विचारावे. आणि नोंदणीची पावती स्वतःच्या हातात पडल्याखेरीज अनामतीचा धनादेश देऊ नये.